समुद्राकाठचं गोडं पाणी

आमच्या गावात पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी त्याला विचारत, "खारं चालते का, गोडं आणू?" चिखलीकडे सगळंच पाणी गोडं, त्यामुळे तिकडच्या पाहुण्याला हा प्रश्नच कळत नसे. सोनाळ्याहून खाली पूर्णा नदीकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो, आमचं गाव त्यातलंच. तिथल्या विहिरींचं आणि बोरींचं, म्हणजे बोअरवेलचं, पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ चुलीवर तासन् तास ठेवली तरी शिजत नाही. गोडं पाणी दूरवरून आणलेलं असे आणि त्याचा माठ वेगळा असे. तो पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. घरची माणसं खारं पीत.

मी त्या घरात आठ वर्षं राहिलो. माझा थोरला भाऊ अजून तिथेच राहतो.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून तो चौथी पास झाल्यावर चिखलीचे मामा त्याला न्यायला आले. पत्र्याच्या पेटीत त्याचे दोन सदरे, पाटी, नवीन टॉवेल असं सगळं भरून झालं होतं. त्याच दिवशी माझं पोट दुखायला लागलं. मी आईच्या मांडीवर डोकं घासून रडलो. आदल्या महिन्यातही दोनदा दुखलं होतं. आई मामाला म्हणाली, "याले हे पाणी मानवत नाही. यालेच ने आधी. मोठा जाईल पुढच्या सालाले." दादाची पेटी तशीच राहिली, फक्त आतले सदरे बदलले. पुढच्या साली वडील बैलगाडीवरून पडले, पाय जायबंदी झाला आणि दादा वखरामागे उभा राहिला. मी शिकलो, चिखलीतच हायस्कूलमध्ये मास्तर झालो.

माझं पोट त्या दिवशी दुखत नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळांनाही दुखत नव्हतं. मामाच्या घरी दिवाळीला जाऊन आलो होतो आणि तिथल्या पाण्याची चव तोंडात राहिली होती, एवढंच.

हे मी चव्वेचाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दादा मात्र माझ्या पोटाची गोष्ट लग्नाकार्यात चार माणसांत बसून कौतुकाने सांगायचा. "याचं पोट लहानपणापासून नाजूक. खारं पाणी पोटात गेलं का हा पालथा." लोक हसायचे, मीही हसायचो.

तीन वर्षांपूर्वी दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब बरीच वर्षं अंगावर काढला. गावातले म्हणतात, पाण्याने. आमच्या गल्लीत असे आणखी चौघे आहेत. मला साखर आहे, त्यामुळे किडनी देण्याच्या गोष्टीत डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला केलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दादा चार तास डायलिसिसच्या मशीनवर असतो. लघवी जवळजवळ होत नाही, म्हणून पाणी मोजून. दिवसाला अर्धा लिटर, त्यात चहा आणि गोळ्यांचं पाणीही आलं. वहिनीने एका बाटलीवर टिकल्या चिकटवल्या आहेत. पहिल्या टिकलीपर्यंत सकाळ, दुसरीपर्यंत दुपार. आयुष्यभर खारं प्यालेल्या माणसाच्या घरी आता फिल्टर बसला आहे आणि त्याला त्यातलं अर्धा लिटरच मिळतं.

समुद्राचं खूळ त्याच्या डोक्यात दवाखान्यातल्या टीव्हीने घातलं. मशीनवर पडल्या पडल्या तो समोर जे चालू असेल ते बघायचा. एका मंगळवारी मी त्याला आणायला गेलो तर म्हणाला, "मले समुद्र दाखव बे एकदा. खारं पाणी लय पाह्यलं म्या, पण एवढं एका जागी नाही पाह्यलं."

मी लगेच हो म्हणालो. खरं तर मला निमित्त हवं होतं. घरात वहिनी असते, दवाखान्यात इतर पेशंट असतात. वाटलं, गाडीत दोघेच असू, समुद्रासमोर बसू आणि तिथे मी त्याला ते सांगून टाकीन. कशासाठी सांगायचं होतं? त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या मनावरचं उतरेल, एवढाच हेतू होता, हे आज मला स्पष्ट दिसतं.

हिवाळ्यात निघालो, थंडीत तहान कमी लागते म्हणून. मंगळवारी दुपारी मशीनवरून उतरला की निघायचं, बुधवारी समुद्र, गुरुवारी परत, शुक्रवारी सकाळी मशीन. डॉक्टरांनी नाराजीने परवानगी दिली. वहिनीने बाटली माझ्या हातात दिली, दादाच्या नाही. "भाऊजी, याच्यावर एक घोट नाही. ते गोड बोलतीन, तुमी ऐकू नका."

"म्या काय बकरू हावो का, याच्या हाती दोर देऊन राह्यली," दादा म्हणाला.

"बकरू परवडलं. ते पाण्यासाठी खोटं नाही बोलत."

मंगळवारी रात्री पुण्याच्या अलीकडे मुक्काम केला. बुधवारी घाट उतरून दहा-अकराच्या सुमारास समुद्राकाठच्या रस्त्याला लागलो. माझी पहिली चूक तिथे कळली. आम्ही स्वेटर घालून निघालो होतो आणि खाली घामाच्या धारा लागल्या. रस्ता कधी पाण्याला लागून, कधी माडांमागून जायचा. एक खाडी गाडीसकट बोटीतून ओलांडली. दादा बोटीच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि नावाड्याला विचारू लागला, "हे पाणी ओलिताले चालते का?" नावाडी म्हणाला, "चालवून बघा." दोघेही हसले. दुपारची टिकली त्याने त्या बोटीवरच संपवली.

चारच्या आधी एका लहान गावात पोचलो. वीस-पंचवीस घरं, एक देऊळ, सुरूच्या झाडांची रांग आणि त्यापलीकडे वाळू. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली मिळाली. घरात त्या एकट्याच होत्या. मागे सुपारीची बाग आणि बागेत चिऱ्यांनी बांधलेली विहीर. गाडीतून उतरताच त्यांनी तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा आणून ठेवला.

"त्यांना चालत नाही," मी म्हणालो.

"मग शहाळं काढायला सांगते."

"तेही चालत नाही."

"अहो, एवढी बंदी. माणसाने जगायचं कशावर?"

"मशीनवर, बाई," दादा म्हणाला. त्या क्षणभर गोंधळल्या, मग त्याच्या हातावरच्या, मशीनच्या सुया टोचण्यासाठी केलेल्या टरटरून फुगलेल्या शिरेकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी तांब्या उचलून आत नेला.

दादा तेवढ्यात विहिरीपाशी पोचला होता. त्याने वाकून पाहिलं. "बाई, हे वापराचं का प्याचं?"

"पिण्याचं की. निम्मी आळी हेच पिते."

"समुद्र तं इथीच हाये."

"असेना. तो त्याच्या जागी, विहीर तिच्या जागी."

दादाचा विश्वास बसला नाही. रहाटाच्या बादलीत थोडं पाणी होतं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि खारटपणा येण्याची वाट बघत उभा राहिला. तो येईना. पुन्हा बोट बुडवलं. मग विहिरीपासून सुरूच्या रांगेतून वाळूपर्यंत पावलं टाकत गेला, शेताची बांधा-धुऱ्यापासून मोजणी करावी तसा, आणि मी मागोमाग. भरतीची ओली रेघ आली तिथे थांबला.

"एकशे दहा पावलं," तो म्हणाला. "एकशे दहा पावलांवर गोडं. अन् आपण कुठी, समुद्र कुठी. आपल्याले काऊन खारं देल्लं मंग?"

त्याचा आवाज चिडलेला नव्हता. बाजारात कोणी मापात मारलं की माणूस जसा नुसता बघत राहतो, तसा तो होता. मी भूगोल शिकवणारा माणूस आहे. जमिनीतले क्षार, गाळाचे थर, पावसाचं पाणी वर कसं तरंगतं, असं काही मनात आलं, पण त्याने ते विचारलं नव्हतं.

आम्ही वाळूवर बसलो. किनाऱ्यावर दोन होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, बाकी कोणी नव्हतं. दादा लाटेपर्यंत गेला, बोट बुडवून तेही चाखलं आणि थुंकला. "हा आपल्या बोरीचा थोरला भाऊ हाये," म्हणाला आणि माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे ओठ सुकले होते, जीभ पुन्हा पुन्हा ओठांवरून फिरत होती. संध्याकाळच्या टिकलीला अजून तीन तास होते.

मी तेव्हाच बोललो. "दादा, मामा आले होते तेव्हा माझं पोट दुखत नव्हतं."

"कवा?"

"तू जाणार होतास चिखलीला तेव्हा. मी खोटं बोललो. मला गोडं पाणी पाहिजे होतं."

सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चव्वेचाळीस वर्षं जे मोठं वाटत होतं ते बोलून झाल्यावर एका पोराच्या खोडीएवढं वाटलं, आणि याचीच मला लाज वाटली. दादा समुद्राकडे बघत होता. मला वाटलं तो रागावेल, किंवा माझ्या पाठीवर हात ठेवेल. यातलं एक होईल अशी माझी तयारी होती.

"चिखलीचं पाणी फिक्कं लागे मले," तो म्हणाला. "दिवाळीले गेलतो तं चहा बी लागेना. मले तं आपलंच बरं वाटे. मले थोडी माहीत होतं त्यानं काय होते ते."

"तरी. तुझी जागा होती ती."

"हाव. होती." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग आता एक तांब्या दे."

"काय?"

"त्या विहिरीचं. भरून. टिकली-बिकली नाही. घेतलं न तू माह्या वाटचं? थोडं वापस दे."

तो हसत होता. पण थट्टा करत नव्हता. मी म्हणालो, दादा, असं कसं, शुक्रवारपर्यंत काढायचं आहे. तो म्हणाला, शुक्रवार परवावर आला. मी म्हणालो, वहिनीला काय सांगू. तो म्हणाला, "तुले सांगाले येते काय बी. लहानपणापासून येते."

हे त्याने टोचून म्हटलं नाही. मला बोचलं ते त्यामुळेच.

आम्ही परत आलो. बाई देवळात गेल्या होत्या. दादा विहिरीच्या कट्ट्यावर बसला. बादली त्याने ओढली असं मी पुढे कोणाला सांगू शकलो असतो, पण त्याच्या त्या हाताला वजन चालत नाही, दोर मीच ओढला. पाणी मीच तांब्यात ओतलं. मनात एक हिशेब चालला होता की एका तांब्याने काही होत नाही, आज जेवताना भाजी कमी वाढू, उद्या दिवसभर काहीच देणार नाही. दुसरीकडे मला स्वच्छ कळत होतं की नाही म्हणण्याचा हक्क मी मघाशीच वाळूवर घालवून बसलो आहे.

त्याने तांब्या वर धरला आणि तोंड न लावता प्यायला सुरुवात केली. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. हनुवटीवरून पाणी सदऱ्यात गेलं. तांब्या रिकामा झाल्यावर त्याने डोळे मिटले आणि तसाच पुढे केला.

"अजून."

मी अजून दिला. दुसरा. तिसरा अर्धा प्याला आणि उरलेला डोक्यावर ओतून घेतला.

"फिक्कं हाये," तो म्हणाला, "पण बेस हाये."

त्या रात्री तो आडवा झाला नाही, भिंतीला टेकून बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, समुद्राचा आवाज ऐकून राह्यलो. सकाळी उजाडताच निघालो. घाट अर्धा चढून झाला तेव्हा त्याने काच खाली केली. मग सीट पुढे-मागे करायला लागला. मग बोलणं तुटायला लागलं, एका शब्दाला एक श्वास. त्याच्या घशातून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. मी गाडी थांबवू की पळवू हे मला कळेना. वळणावर एक बस समोरून आली, ती जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो. त्या अर्ध्या मिनिटात तो दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून पुढे वाकला होता आणि मी फक्त त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो, जणू त्याला ठसका लागलाय.

घाटमाथ्यावरून शहर गाठायला तासभर लागला. पहिल्या दवाखान्यात मशीन नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण दोन तास रिकामं होणार नव्हतं. छातीत पाणी भरलंय म्हणत त्यांनी प्राणवायूचा मुखवटा लावला, सुया दिल्या आणि बसवून ठेवलं. मशीनचा माणूस वजनकाटा घेऊन आला, आकडा बघितला आणि मला विचारलं, "यांच्यासोबत कोण होतं?"

"मी."

"किती पाणी प्यायले हे?"

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. मी पोचल्या पोचल्या तिला कळवलं होतं. तिचा आवाज मोठा, खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "भाऊजी, खरं सांगा, पाणी तं नाही न देल्लं तुमी त्याहीले?"

मी तोंड उघडलं. दादाने मुखवटा बाजूला केला. "म्या पेलो. चोरून. तो झोपला होता, त्याले काय माहीत."

"मले वाटलंच," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली. "भाऊजी, त्याहीच्यावर नजर ठेवा, बस तेवढं करा."

"हो," मी म्हणालो.

मशीनच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय कळलं ते माहीत नाही. त्याने दादाला झापलं, जीव नको झालाय का काका, आणि नळ्या जोडायला घेतल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. आता आत जाऊन सांगावं, आता वहिनीला फोन करावा, असं चार तास मनात येत राहिलं. चार तासांनी दादा उतरला, तोंडावर रंग आला होता, आणि मी गाडी काढली.

त्यानंतर घरात बऱ्याच गोष्टी बदलल्या. फिल्टरच्या खोलीला कडी-कुलूप आलं. दादा आंघोळीला गेला की वहिनी दाराबाहेर उभी राहते, बादलीतलं पिईल म्हणून. शेतावर जायचं बंद केलं, कारण तिथे पाइप आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, यांच्यावर भरोसा नाही राह्यला, सख्ख्या भावाचा डोळा लागला तेवढ्यात याहीनं विहीर गाठली. पंचावन्न वर्षांचा माणूस ते ऐकत खाटेवर बसलेला असतो. मी गेलो की वहिनी चहा करते आणि म्हणते, भाऊजी, तुमी होते म्हणून पोचले.

महिन्याभराने मी त्याला विचारलं. वहिनी शेजारी दळण आणायला गेली होती. "दादा, तू कशाला अंगावर घेतलंस? मी सांगणार होतो."

"तू?" तो हसला. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "तुले बी बंद केलं असतं तिनं. मंग मले कोण देल्लं असतं?"

मला आधी अर्थ लागला नाही. माझ्यावर माया म्हणून त्याने खोटं घेतलं असं मी समजत होतो, आणि त्या समजुतीवर महिनाभर थोडा झोपतही होतो. त्याने खाटेखालून स्टीलचा पेला काढला. रिकामा, पुसलेला. माझ्यापुढे धरला.

"आण ना बे. ते येईपर्यंत. चावी तुले देते ते."

चावी खरंच माझ्या खिशात होती. वहिनीने जाताना माझ्याकडेच दिली होती.

मी पेला घेतला नाही. म्हटलं, दादा, घाटात काय झालं होतं तुला आठवतं का. तो म्हणाला, आठवते. मी म्हणालो, मग? तो पेला तसाच धरून बसला. बाहेर वहिनीच्या चपला वाजल्या तेव्हा त्याने तो खाटेखाली सरकवला आणि मला विचारलं, "चिखलीले सोयाबीनचा काय भाव हाये?"

पूर्वी मी कोणत्याही दिवशी, वाटेल तेव्हा जायचो. आता निघण्याआधी फोन करतो आणि वहिनी घरात असेल तेव्हाच जातो.